‘किंमत ठेवणे’ की ‘प्रतिस्थापन’?

तासगाव: नववीतल्या मुलीच्या वहीत ‘य ची किंमत समीकरण (२) मध्ये ठेवून’ असं लिहिलंय. हिंदी माध्यमातला भाचा यालाच ‘प्रतिस्थापन विधि’ म्हणतो. मराठीत या रीतीला म्हणायचं काय? आणि समीकरणं ‘एकसामयिक’ की ‘एकसामायिक’?

मिरज: दुसरं आधी, ते सोपं आहे. समय, सामयिक, एकसामयिक. म्हणजे दोन्ही समीकरणं एकाच वेळी खरी. सामायिक असते ती भावाभावांत न वाटलेली जमीन. शिकवणीच्या पाट्या काही का म्हणेनात.

‘प्रतिस्थापन’ चूक नाही, पण वर्गात ‘किंमत ठेवणे’च चालतं आणि मला तेच बरं वाटतं. तुमच्याच गावचा हिशेब घ्या. २ किलो बेदाणे नि १ किलो हळद ७०० रुपयांना, १ किलो बेदाणे नि ३ किलो हळद ८५० ला. बेदाण्याचा दर क्ष, हळदीचा य. पहिल्यावरून य = ७०० − २क्ष. हे दुसऱ्यात ठेवलं की क्ष + ३(७०० − २क्ष) = ८५०. म्हणजे ५क्ष = १२५०, क्ष = २५०, य = २००. पोरं हमखास कंस खातात. मग ३ नं नुसत्या ७०० ला गुणलं जातं आणि बेदाणे १२५० रुपये किलो!

कराड: ‘किंमत’ म्हटलं की पोरांना आकडाच दिसतो, आणि इथं तर अख्खी राशी ठेवायची असते. कंस सुटतो तो त्यामुळंच. व्याकरणात एकाच्या जागी दुसरं आलं की त्याला ‘आदेश’ म्हणतात: इति + आदि = इत्यादि, इथं ‘इ’च्या जागी ‘य्’, म्हणून यणादेश. शब्द चपखल आहे, पण नववीत ‘आदेश’ म्हणजे हुकूमच! १२व्या शतकात भास्कराचार्यांच्या बीजगणितात अज्ञातांना यावत्तावत्, कालक, नीलक अशी नावं आहेत आणि एकाचं मान दुसरीकडं घालण्याला ‘उत्थापन’. ते आता कोण वापरणार म्हणा.

तासगाव: पटलं. पण तिनं ठेवल्यावर ७०० = ७०० आलं. कंस तर होता.

मिरज: मग किंमत पहिल्यातच परत ठेवली असणार. जिथून काढली तिथंच घातली की नवीन काही निघत नाही. ‘समीकरण (१) वरून’ आणि ‘समीकरण (२) मध्ये’ हे दोन्ही दरवेळी लिहायला लावा.