मदत हवी आहे: पायात कडी असलेला धोबी पक्षी, नंबर कसा वाचायचा?

नमस्कार मंडळी. कसबा बावड्याला पंचगंगेकाठी आमचा ऊस आहे. पाऊस ओसरला की धोबी येतात, संध्याकाळी उसात थव्यानं मुक्कामाला उतरतात. परवा पाणी पाजताना सरीत शेपटी हलवत फिरणाऱ्या एका पिवळ्या धोब्याच्या उजव्या पायात धातूची बारीक कडी दिसली. मोबाईलच्या फोटोत फक्त चमक आली, अक्षर एकही नाही.

आपल्याकडं पक्ष्यांच्या अभ्यासासाठी बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटी अशा कड्या घालते, त्यावर संस्थेचं नाव नि नंबर कोरलेला असतो. पण ही परदेशातलीही असू शकेल ना?

गावातली पोरं म्हणतात, जाळं लावून धरूया. मी ठाम नाही म्हटलं. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं परवानगीशिवाय पक्षी धरता येत नाही, आणि वीसेक ग्रॅमचा जीव, जाळ्यात पंख पिरगळला तर संपलाच.

न धरता नंबर वाचायला कुठली दुर्बीण किंवा कॅमेरा चालेल? अर्धेच आकडे मिळाले तरी कळवायचे का? आणि कोल्हापूर-सांगली भागात परवानगी असलेलं कुणी कडी घालण्याचं काम करतं का? ऊसतोड सुरू व्हायच्या आत कळलं तर फार बरं होईल.