‘विदर्भातली केंद्रं रुग्णच देत नाहीत’ म्हणणाऱ्यांसाठी

पऱ्हाटी: कालच्या धाग्यात एका शहाण्यानं लिहिलं, लकव्याच्या औषधाच्या ट्रायलला, म्हणजे रुग्णांवरच्या चाचणीला, ग्रामीण विदर्भातून रुग्ण येत नाहीत, तिथले डॉक्टर आळशी. गडचिरोलीच्या 86 गावांतल्या अभ्यासात 14.3 टक्के मृत्यू लकव्याचे निघाले, इतर कुठल्याही कारणापेक्षा जास्त. रुग्ण ढीगभर आहेत, वेळ नाही. गुठळी विरघळवायच्या औषधाला साडेचार तासांची मुदत, आणि ती मोजायची माणूस शेवटचा धड दिसला तेव्हापासून. रात्री नऊला झोपला, पहाटे पाचला हात उचलेना. आठ तास गेले, फाट्यावर गाडी मिळायच्या आधीच बाद.

रात्रपाळी: वेळेत येणारेही तुम्ही घालवता. मेंदूचा सीटी स्कॅन झाल्यावर संमतीचा फॉर्म शोधता. नातेवाईक अंगठेबहाद्दर असला तर निष्पक्ष साक्षीदार लागतो, ट्रायलच्या टीममधली सिस्टर चालत नाही. शेजारच्या खाटेजवळचा शिकलेला माणूस आधीच हेरून ठेवायला काय होतं?

झाडीपट्टी: ‘अंगठेबहाद्दर’ तेवढं आवरा, भाऊ. आणि संमतीचा व्हिडिओ? कॅमेरा पाहून सासू पदर ओढते, सून म्हणते पुण्याहून पोरगा येऊ द्या. गेला अर्धा तास.

रात्रपाळी: औषध-चाचण्यांचे 2019 चे नियम वाचा. व्हिडिओ नव्या रेणूच्या, म्हणजे अगदी नव्या औषधाच्या, ट्रायलला, तोही सहभागी असुरक्षित गटातला असेल तर.

झाडीपट्टी: वाचलेत. असुरक्षित गटात गरीबही येतो न् तातडीच्या अवस्थेतला रुग्णही. आमच्याकडे तिसरा प्रकार कुठून आणू?

रात्रपाळी: बरं, हे मान्य. पण ‘नवा रेणू’ हे शब्द सोयीनं गिळलेत. जुन्याच औषधाची तुलना असली तर सक्ती नाही.

झाडीपट्टी: हे स्पॉन्सरच्या, म्हणजे ट्रायल चालवणाऱ्या कंपनीच्या, मॉनिटरला सांगा, जो आमचे कागद तपासतो. तो सगळीकडेच मागतो.

पऱ्हाटी: व्हिडिओ पुरे करा बाप्पा. लकवा किती जोराचा ते मोजायच्या एनआयएचएसएस तपासणीत चित्रं ओळखायची असतात. तिच्या मूळ चित्रपट्टीत हॅमॉक आहे, दोन टोकांना टांगलेली झोळी. रुग्ण ‘झोका’ म्हणाला तर चूक धरायची का? एक तपासणारा धरतो, दुसरा सोडतो, मग डेटावर शंका आमच्याच.

रात्रपाळी: ते ट्रेनिंगमध्येच ठरवून घ्यायचं असतं.

पऱ्हाटी: घेऊ. नव्वदाव्या दिवसाचंही ठरवा मग. रँकिन, म्हणजे परावलंबनाची श्रेणी, 2 (आपलं आपण करतो) की 3 (मदत लागते), हे फोनवर ठरवायचं. आंघोळ सून घालते. त्याला जमत नाही म्हणून, की ती करू देत नाही म्हणून? म्हणून विचारायचं, आठवडाभर एकटा राहू शकेल का. पलीकडून उत्तर येतं, “एकटा काहून ठेवू जी आम्ही?”