प्रति: ताऱ्यांची प्रतिमा झिजली आहे का?

साहित्यात ताऱ्यांनी भरलेलं आकाश ही प्रतिमा वापरून गुळगुळीत झाली, हे मत अर्धंच पटतं. ती बोथट होते ती तपशील सुटल्यामुळे. कालिदासाच्या रघुवंश या महाकाव्याच्या चौथ्या सर्गात अगस्त्य ताऱ्याचा उदय होतो आणि पाणी निवळतं. हा तारा भाद्रपदाच्या सुमारास पहाटे दक्षिणेकडे क्षितिजालगत पुन्हा दिसू लागतो, नेमका पाऊस ओसरताना. लगेच राजा रघू दिग्विजयाला निघतो, म्हणजे एका ताऱ्याने ऋतू बदलला आणि कथानकही पुढे सरकलं. किती काटकसर आहे ही!

याउलट लेखकांची नेहमीची चूक म्हणजे पौर्णिमेच्या रात्री आकाशगंगा दाखवणं. त्या उजेडात ती दिसतच नाही, ठळक तारे तेवढे उरतात. दुसरी चूक मृगाची. ७-८ जूनच्या सुमारास सूर्यच मृग नक्षत्रात जातो, त्यामुळे मृगाच्या पावसात ढग फाटले तरी मृगाचे तारे दिसणार नाहीत. ते रात्रभर हवे असतील तर प्रसंग डिसेंबरात न्या.

लिहिताना आधी तिथी आणि प्रहर ठरवा. शुद्ध अष्टमीचा चंद्र मध्यरात्रीच्या आसपास मावळतो; पात्रांना अंधार हवा असेल तर तो त्यानंतर आपोआप मिळतो.