गाडी लिफ्ट केली (उंच केली) आणि अप्पर आर्म स्टॉकच (कंपनीचेच) ठेवले? माझ्या मते हे अर्धवट काम आहे

राजेंद्रनगरची थार:
मंडळी, हा विषय बरेच दिवस डोक्यात होता. आजकाल इंदूरहून रविवारी सकाळी जानापावला किंवा जाम गेटला निघालं की रस्त्यात भेटणाऱ्या निम्म्या थार उचललेल्या असतात, आणि काय काय केलं विचारलं की उत्तर ठरलेलं, "स्पेसर (शॉकवर बसवायच्या जाड चकत्या) टाकले, दोन इंच मिळाले, बाकी सगळं स्टॉक". मग त्याच गाडीत बायपासला बसून बघा, नव्वदला स्टीअरिंग सारखं सावरत बसावं लागतं, वळणानंतर ते स्वतःहून सरळ येत नाही, बाजूने ट्रक गेला की गाडी पोहते. मालक म्हणतो मोठे टायर आहेत ना, चालायचंच. नुसत्या टायरमुळे नाही होत हो हे.

२०२० पासूनच्या थारला पुढे डबल विशबोन आहे, म्हणजे प्रत्येक चाकाला चेसिसशी जोडणारे दोन आर्म, एक वरचा (अप्पर) आणि एक खालचा. गाडी वर गेली की आर्म खाली झुकतात, चाकाचं बूड आत ओढलं जातं म्हणजे कॅम्बर (समोरून दिसणारा चाकाचा कल) पॉझिटिव्हकडे सरकतो, आणि कास्टर कमी होतो. सायकलचा पुढचा चिमटा जसा मागे कललेला असतो आणि म्हणून हात सोडला तरी ती सरळ जाते, तोच हा कास्टर. तो गेला की गाडीचं सरळ जाणं गेलं. अलाइनमेंटवाला टो (चाकांची तोंडं किती आत-बाहेर) आणि कॅम्बर मशीनवर हिरव्यात आणून देतो आणि आपण खूश, पण ज्या गाड्यांत खालच्या आर्मला कोन लावायचे कॅम बोल्ट असतात तिथे कॅम्बर ओढून आणताना उरलासुरला कास्टरही खर्ची पडतो. आफ्टरमार्केट (बाहेरच्या ब्रँडच्या) अप्पर आर्मचा बॉल जॉइंट (चाकाकडच्या टोकाचा गोल सांधा) मुळातच थोडा मागे बसवलेला असतो, म्हणजे कास्टर परत मिळतो. शिवाय जॉइंटची चालही (हलायची मुभा) जास्त असते.

माझं म्हणणं साधं आहे. आर्मचं बजेट नसेल तर लिफ्टही करू नका. बोला.

जुनी जिप्सी पाटेवाली:
आमच्याकडे पाटे (लीफ स्प्रिंग) आहेत, आर्मच नाहीत, त्यामुळे आम्ही सुखी 😄 ग्रीस मारा आणि निघा. पण खरं सांगू का भिया, यातल्या किती गाड्या त्या जाम गेटच्या डांबरी घाटाच्या पलीकडे गेल्यात? पलासियाच्या सिग्नलला उंच दिसायला एवढा खर्च आणि वर आता आर्म.

देवास नाका टूलबॉक्स:
मी हातात पाना धरणारा माणूस आहे म्हणून थोडं लांब लिहितो, राग मानू नका. थारवाले दादा, तुमचं निदान बरोबर पण औषध सगळ्यांना एकच देताय. लिफ्ट कशाने केली हे तुम्ही विचारलंच नाही, आणि सगळा खेळ तिथेच आहे.

स्प्रिंग बदलून उचललेली गाडी आणि वरती स्पेसर ठेवून उचललेली गाडी, बाहेरून दोन्ही सारख्याच दिसतात. पण चाक जास्तीत जास्त किती खाली लटकणार हे बहुतेक गाड्यांत शॉकची लांबी ठरवते. तीच लांबी ठेवून उंच किंवा कडक स्प्रिंग टाकली तर गाडी उभी वर राहते, पण चाक पूर्ण लटकल्यावर आर्मचा कोन कंपनीने ठेवला होता तोच. बॉल जॉइंटवर, सीव्ही जॉइंटवर (चाकाला ताकद देणाऱ्या शाफ्टचा सांधा) जास्तीचा कोन येतच नाही. स्पेसरमध्ये अख्खा शॉकच खाली ढकलला जातो, म्हणजे चाक आता कंपनीच्या हद्दीच्याही खाली जातं. तिथे अप्पर आर्म स्प्रिंगला घासतो, बॉल जॉइंट कोनाच्या टोकाला जाऊन आदळतो, सीव्हीचे रबरी बूट फाटतात. आणि वरच्या बाजूलाही गडबड आहे, गाडी खड्ड्यात दाबली गेली की बम्प स्टॉप (चाक वर येताना अडवणारा रबरी ठोकळा) लागायच्या आधी शॉक तळाला जाऊ शकतो, मग तेल गळतं आणि शिव्या शॉकला.

अजून एक. स्प्रिंग खालच्या आर्मवर चाकापाशी नसते, मधेच कुठेतरी बसते. त्यामुळे २५ मिमीचा स्पेसर म्हणजे चाकापाशी २५ मिमी नाही, गाडीप्रमाणे ४०-५० पण होतो. लोक "इंचभर तर टाकलंय" म्हणून येतात आणि मोजलं की जवळपास दोन इंच निघतात.

म्हणून माझं मत, दीड-दोन इंच, स्प्रिंगने केलेली लिफ्ट, आणि अलाइनमेंटच्या कागदावर कास्टर कंपनीच्या हद्दीत बसत असेल तर नवीन आर्म हा निव्वळ शोपीस आहे. कागद मागा. इथले बरेच जण कागद न घेताच निघून जातात, मशीनवर हिरवं दिसलं की झालं, आणि हिरवं असतं ते बहुतेक टोचं.

राजेंद्रनगरची थार:
पटतंय, पण मग तुम्हीच सांगा, आपल्या शहरात स्प्रिंग बदलून लिफ्ट करणारे किती आणि स्पेसरवाले किती? स्पेसर स्वस्त, संध्याकाळपर्यंत गाडी हातात. म्हणजे माझा नियम ९० टक्के गाड्यांना लागूच होतो की. आणि कागदावर कास्टर हद्दीत असला तरी त्या हद्दीच्या खालच्या काठावर असतो, वर जड टायर. महामार्गावर फरक कळतो म्हणजे कळतो.

देवास नाका टूलबॉक्स:
९० टक्के हा आकडा तुमचा, माझा नाही 🙂 आणि स्पेसरवाल्यांना माझा सल्ला आर्म घ्या हा नाहीच, स्पेसर काढा हा आहे. चुकीच्या लिफ्टवर महाग आर्म चढवला तर बॉल जॉइंट वाचेल, सीव्हीचा कोन तेवढाच राहणार. तो काही अप्पर आर्मने कमी होत नाही. मग म्हणाल पुढचा डिफ (चाकांना ताकद वाटणारा गिअरचा गोळा) खाली घेऊ, म्हणजे ज्या क्लिअरन्ससाठी उचलली तोच खालून परत दिला.

सुदामानगर जिम्नी:
तुम्ही दोघे डबल विशबोनवरच भांडताय. जिम्नीला पुढे-मागे दोन्हीकडे सलग अॅक्सल आहे, भारतात जून २०२३ पासून विकतायत, आता इंदूरात बऱ्याच झाल्या. आमच्याकडे अप्पर आर्म नावाची वस्तूच नाही. पुढे दोन लीडिंग आर्म आणि एक आडवा पॅनहार्ड रॉड, अॅक्सलला चेसिसखाली मधे धरणारा. गाडी उचलली की आर्म खाली झुकतो आणि अॅक्सल त्याच्याबरोबर गोल फिरतो, म्हणजे कास्टर थेट कमी झाला. यात स्प्रिंग की स्पेसर हा प्रश्नच नाही, उंची वाढली की कास्टर गेलाच. वर पॅनहार्डमुळे अख्खा अॅक्सल एका बाजूला सरकतो.

म्हणून जिम्नीपुरता मी थारवाल्याच्या बाजूचा आहे, पण अख्खे आर्मच पाहिजेत असं नाही. ऑफसेट बुश (आर्मच्या टोकात बसणारी रबरी नळी) मिळतात, भोक मधे नसून एका बाजूला, तेवढ्यात कमी लिफ्टला काम भागतं. त्यापुढे कास्टर दुरुस्त केलेले आर्म किंवा चेसिसवरचं आर्मचं टोक खाली आणणारे ब्रॅकेट, आणि अॅडजस्टेबल पॅनहार्ड. ब्रॅकेट मला आवडत नाहीत, दगडावर पहिले तेच आपटतात.

आणि ज्यांना शिमी होते, साठ-सत्तरला स्टीअरिंग थडथडायला लागतं, त्यांनी लगेच मोठा स्टीअरिंग डॅम्पर (थडथड दाबणारा शॉक) आणू नका प्लीज. डॅम्पर रोग झाकतो. आधी टायर बॅलन्स, किंगपिन बेअरिंग (चाक ज्यावर वळतं ते), पॅनहार्डचे बुश बघा.

जुनी जिप्सी पाटेवाली:
शिमीवर सही बोललात. जिप्सीवाल्यांनी ही थडथड आयुष्यभर भोगलीये.

नायता मुंडला फेरी:
तांत्रिक चर्चा छान चाललीये पण कायद्याचं कोणी बोलेना. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२, आणि त्यावर जानेवारी २०१९ चा सुप्रीम कोर्टाचा निकाल, केरळातल्या प्रकरणात. कंपनीच्या मूळ स्पेसिफिकेशनशी विसंगत बदल चालणार नाही. २०१९ च्या दुरुस्तीत कलम १८२ए पण आलं, मालकाने बेकायदा फेरफार केला तर सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे पाच हजार दंड, किंवा दोन्ही. आर्म, स्पेसर, टायर, मोजा मग. अपघात झाला आणि विम्याच्या सर्व्हेअरला लाल पावडर कोटिंगचे आर्म दिसले तर काय सांगणार?

राजेंद्रनगरची थार:
वकीलसाहेब, कलम ५२ ची भाषा आरसीवरच्या तपशिलाची आहे. आरसीवर रंग, सीट, वजन, व्हीलबेस असतं, कंट्रोल आर्म कुठे लिहिलेला असतो? झिजलेला आर्म बदलतो तसा हाही बदलला.

नायता मुंडला फेरी:
झिजलेल्याच्या जागी तसाच नवा टाकणं वेगळं आणि भूमिती बदलणारा टाकणं वेगळं. हा युक्तिवाद जाम गेटच्या चहाच्या टपरीवर चालेल, क्लेम नाकारल्यावर ग्राहक मंचात चालेल का ते बघा. मी करू नका म्हणत नाही, विमा कंपनीला लेखी कळवा आणि उत्तर सांभाळून ठेवा एवढंच.

लोहामंडी जुगाड:
एवढ्या महागाच्या गोष्टी कशाला? आपल्याकडे पाइपचे आर्म बनवून देतात, सीमलेस पाइप, टिग वेल्डिंग, बॉल जॉइंट दुसऱ्या गाडीचा बसवून. ब्रँडेडच्या एक तृतीयांश पैशात. माझ्या मित्राचे चालू आहेत, मांडू करून आला. ब्रँडवाले पण पाइपच वेल्ड करतात ना?

देवास नाका टूलबॉक्स:
नाही. नाही. नाही.
भाऊ, बंपर बनवा, कॅरिअर बनवा, रॉक स्लायडर बनवा, मी स्वतः बनवतो. आर्म नाही. बंपरचं वेल्ड सुटलं तर बंपर पडेल. अप्पर आर्मच्या कपातून बॉल जॉइंट सुटला तर चाक वरून मोकळं होतं, आडवं पडतं, आणि ते बहुतेक ब्रेक मारताना होतं कारण तेव्हाच जोर सगळ्यात जास्त. वेल्डच्या शेजारचा पट्टा उष्णतेने बदललेला असतो, तडा तिथून सुरू होतो, रंगाखाली दिसत पण नाही. ब्रँडवाला वेल्ड करतो हे खरं, पण जिगमध्ये (मापाच्या साच्यात) धरून करतो आणि मग तो आर्म तोडून बघतो. मित्राचा आर्म कोणी तोडून पाहिला? डावा-उजवा दोन-तीन मिमीने वेगळा निघाला तर गाडी आयुष्यभर एका बाजूला ओढणार ते वेगळंच.

सुदामानगर जिम्नी:
+१. यावर तरी धागा एकमताने संपवूया.

लोहामंडी जुगाड:
एकमत तुमचं. मी तरी अजून एकही तुटलेला पाहिला नाही.

चोरलचा चिखल:
थोडं वेगळं विचारतो. समजा आर्म घ्यायचेच ठरले, तर युनिबॉल (उघडा गोल सांधा) की साधा बॉल जॉइंट? दुकानवाला म्हणतो युनिबॉल घ्या, रेसिंगवाले तेच वापरतात.

राजेंद्रनगरची थार:
चाल युनिबॉलला जास्त मिळते यात वाद नाही. पण त्याला बंद रबरी बूट नसतो बहुधा, उघडा असतो. आपली माळव्याची काळी माती पावसाळ्यात लापशी आणि उन्हाळ्यात भुकटी, दोन्ही आत जातात. मग खटखट सुरू. चोरलला पावसाळ्यात जाणारा असशील तर बूटवाला सीलबंद बॉल जॉइंट, शक्यतो ग्रीस निपलसकट आणि जॉइंट वेगळा बदलता येईल असा. काही आर्ममध्ये जॉइंट गेला की अख्खा आर्म फेकावा लागतो, आधी विचारून घे.

देवास नाका टूलबॉक्स:
इथे दादांशी शंभर टक्के सहमत. बुशचंही बघा. पॉलियुरेथेन म्हणजे चांगलंच असं नाही, स्टीअरिंग टाइट वाटतं पण ग्रीस नाही दिलं तर किरकिरतं, आणि खड्ड्याचा दणका जास्त आत येतो. रोज ऑफिसला नेत असाल तर रबर.

आणि चोरलवाले, काळ्या मातीत तुम्हाला अडवतो तो कंट्रोल आर्म नाही, गुळगुळीत टायर अडवतो. मागच्या अॅक्सलच्या गोळ्याखालची (डिफखालची) जागा लिफ्टने एक मिमीही वाढत नाही, ती फक्त मोठ्या टायरने वाढते. लिफ्ट बॉडी वर नेते, गोळा तिथेच. थारला काय, गुरखाला काय, मागचा अॅक्सल सलगच आहे. आधी टायर, मग बाकी.

राजेंद्रनगरची थार:
टायर आधी हे मान्य, पण मोठे टायर टाकले की ते आतून घासतात म्हणून परत लिफ्ट, आणि लिफ्ट आली की परत माझा मुद्दा 😄 आणि मागच्या बाजूचंही कुणी बोलत नाही, मागे पण लिंक आहेत, उचलल्यावर पिनियनचा (मागच्या अॅक्सलमध्ये शाफ्ट जिथे शिरतो तिथला) कोन बदलतो आणि मग वेगात खालून घुरघुर येते, लोक गिअरबॉक्स उघडायला निघतात.

देवास नाका टूलबॉक्स:
घुरघुर खरी. बघा, ज्याला शंका आहे त्याने खर्चाआधी एवढं करावं. चेसिसखाली जॅक आणि स्टँड लावून पुढची दोन्ही चाकं हवेत लटकू द्या, नुसतं एक नाही, दोन्ही, नाहीतर अँटी-रोल बार (दोन्ही चाकं जोडणारी दांडी) धरून ठेवतो आणि खोटं चित्र दिसतं. मग टॉर्च मारा. अप्पर आर्म आणि स्प्रिंगमध्ये बोट जातं का, रंग घासला आहे का, बॉल जॉइंटचा बूट एका बाजूला चेपलाय का, सीव्हीच्या बुटाच्या घड्या एकमेकांवर घासतायत का. नंतर कास्टर छापलेला अलाइनमेंटचा कागद. घासत असेल किंवा कास्टर हद्दीबाहेर असेल तर घ्या आर्म, मी स्वतः बसवून देईन. नसेल तर नका घेऊ.

राजेंद्रनगरची थार:
आणि कास्टर काठावर असेल तर?

देवास नाका टूलबॉक्स:
तर तुम्ही घ्याल, मी नाही घेणार. मी टायरचं प्रेशर बघेन आधी, निम्मे लोक ट्रेलवरून परत येताना हवा भरत नाहीत आणि मग बायपासला गाडी पोहते म्हणतात.