प्रति: घोडेस्वारांची छावणीतली चैन

'पायदळ चालून दमायचं, घोडेस्वार छावणीत आराम करायचे' हे विधान अमेरिकन यादवीपुरतं (1861-65) तरी पटत नाही. पहाटेच्या कर्ण्यानंतर हजेरी झाली की पहिलं काम दावणीवर, म्हणजे घोडे बांधलेल्या रांगेत. लीद काढायची, चंदी (दाणा) द्यायची, खरारा करायचा (अंग घासायचं). संध्याकाळी पुन्हा तेच. मोतद्दार (घोड्याची निगा राखणारा नोकर) वगैरे लाड शिपायाला नव्हते.

उत्तरेच्या सैन्यात एका घोड्याला रोज 14 पौंड गवत आणि 12 पौंड दाणा ठरलेला होता. कागदावर. गाड्या अडकल्या की आधी गवत संपायचं, कारण ते जागा फार खातं. मग भुकेली जनावरं झाडांच्या साली आणि एकमेकांच्या शेपट्या चावायची. चिखलात दिवसेंदिवस बांधून ठेवलं की खूर सडायचे.

खरी मेख मात्र पाठीची. तेव्हाच्या लष्करी मॅक्लेलन खोगिराला मध्ये, कण्याच्या रेषेवर, उघडी फट असते. हवा खेळावी म्हणून. पण खालच्या घोंगडीला एक सुरकुती राहिली, तर दिवसभराच्या दौडीत तिथे जखम. म्हणून घोंगडी थोडी पुढे टाकून मागे सरकवायची, म्हणजे केस नीट बसतात. उलट ओढली की केस उभे राहून घासतात. तंगही (पोटाखालचा पट्टा) घोड्याला थोडं चालवून पुन्हा आवळायचा, नाहीतर खोगीर सरकतं.

आपल्या भाषेत सांगायचं तर उत्तरेचे स्वार बारगीर (घोडा सरकारी), दक्षिणेचे शिलेदार. दक्षिणेच्या स्वाराचा घोडा स्वतःचा, त्याचं भाडं त्याला रोज 40 सेंट मिळायचं. लढाईत मेला तर भरपाई. आजाराने किंवा उपासमारीने मेला तर नाही. दुसरा मिळाला नाही की रवानगी पायदळात.