एअरबसच्या थ्रॉटलचे दांडे खाचेत स्थिर राहत नाहीत आणि खटके आपोआप चालू होतात

प्रश्न : गंगापूररोड

नमस्कार. मायक्रोसॉफ्ट फ्लाइट सिम्युलेटर २०२० मध्ये मी मुख्यतः फ्लायबायवायरचे मोफत ए३२०निओ उडवतो. त्यासाठी घरीच प्लायवूडचा दोन दांड्यांचा थ्रॉटल (इंजिनांची शक्ती कमीजास्त करणारे साधन) तयार केला आहे. प्रत्येक दांडा एका जोडपट्टीने ६० मिलिमीटरचा, १० किलोओहमचा सरकता पॉट (पोटेन्शिओमीटर, म्हणजे बदलता रोध) पुढेमागे करतो आणि दोन्ही पॉट अर्डुइनो प्रो मायक्रो या छोट्या नियंत्रक बोर्डाला जोडलेले आहेत. आयडल (किमान शक्ती), क्लाइंब (चढण्याची शक्ती), फ्लेक्स (उड्डाणाची कमी केलेली शक्ती) आणि टोगा (कमाल शक्ती) या जागांसाठी ॲल्युमिनियमच्या पट्टीत खाचा कापल्या आहेत. शेजारच्या पेटीत सोळा खटके चार बाय चारच्या जाळीत बसवले असून त्यांतले बहुतेक टॉगल, म्हणजे वर किंवा खाली केल्यावर तसेच राहणारे, आहेत.

अडचणी तीन आहेत. पहिली अशी की, दोन्ही दांडे क्लाइंबच्या खाचेत घट्ट बसलेले असतानाही पडद्यावर मधूनमधून ‘लिव्हर ॲसिम’ (दोन दांडे जुळत नाहीत) ही पिवळी सूचना येते. आयडल आणि टोगा या टोकांना दोन्ही इंजिने जुळतात, मात्र मधल्या टप्प्यात उजवे इंजिन डाव्यापेक्षा बरेच मागे राहते. शिवाय पॅनेलचे दिवे लावले की दांड्यांच्या स्थितीचे आकडे अधिकच थरथरतात. दुसरी अडचण म्हणजे नॅव्ह, स्ट्रोब आणि बीकन या विमानाच्या बाहेरील दिव्यांचे तिन्ही खटके चालू असले की हातही न लावता लँडिंग लाइट लागतात. तिसरी अडचण अशी की, विमान नव्याने उघडल्यावर खटक्यांची स्थिती आणि विमानातील दिव्यांची स्थिती बऱ्याचदा उलटी असते. तयार थ्रॉटल घेण्याचा सल्ला कृपया देऊ नये; आहे तेच सुधारायचे आहे.

प्रतिसाद : तांब्याची तार

टोकांना जुळते आणि मध्ये जुळत नाही, या एका वाक्यातच बहुधा निदान आहे. दोन्ही पॉट बाहेर काढून त्यांच्या अंगावरील खूण वाचावी. ‘बी१०के’ असेल तर पॉट सरळ रेषेतला आहे; ‘ए१०के’ असेल तर तो ध्वनीच्या आवाजासाठी बनवलेला आहे आणि निम्मे अंतर सरकवल्यावरही त्याचे मूल्य साधारण दहा ते पंधरा टक्क्यांपर्यंतच पोहोचते. सरकते पॉट प्रामुख्याने मिक्सरसाठी विकले जात असल्यामुळे दुकानदार अनेकदा दोन्ही प्रकार एकाच डब्यात ठेवतात. लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्यात पासोड्या विठोबाच्या परिसरात घेताना मल्टिमीटर सोबत नेणे आणि दट्ट्या बरोबर मध्यावर ठेवून दोन्ही बाजूंचा रोध मोजणे हा सर्वांत खात्रीचा उपाय आहे.

थरथरीचे कारण वेगळे आहे. पॉटची दोन टोके बोर्डाच्या पाच व्होल्ट आणि ग्राउंडला जोडलेली असतात आणि बोर्डही त्याच व्होल्टेजच्या प्रमाणात मोजणी करतो, त्यामुळे यूएसबीच्या व्होल्टेजमधील चढउतार आपोआप रद्द होतात. पॅनेलच्या दिव्यांचा प्रवाह मात्र पॉटच्याच ग्राउंडच्या तारेतून परत जात असेल, तर त्या तारेवर पडणारे व्होल्टेज थेट मोजणीत मिसळते. म्हणून दिव्यांना स्वतंत्र ग्राउंड द्यावे, ते थेट बोर्डापाशीच जोडावे आणि पॉटच्या मधल्या पायाजवळ, तो पाय व ग्राउंड यांच्यामध्ये १०० नॅनोफॅरडचा सिरॅमिक कपॅसिटर लावावा. प्रोग्रॅममध्ये आठ वाचनांची सरासरी घेतल्यास ० ते १०२३ या पट्ट्यातील एकदोन आकड्यांची उरलेली थरथर बसते. सरासरी फार मोठी घेतल्यास दांडा हलवल्यावर इंजिन रेंगाळल्यासारखे वाटू लागते.

आता कॅलिब्रेशन, म्हणजे दांड्याची स्थिती आणि आकडे जुळवणे. माझ्या मते येथे बहुतेकांचा गोंधळ होतो, कारण विंडोज, सिम्युलेटर आणि विमान या तिन्ही ठिकाणी सुधारणा केल्या जातात आणि त्या एकमेकींवर चढतात. सिम्युलेटरमधील संवेदनशीलतेची रेषा सरळ ठेवावी, डेड झोन (दांडा हलवूनही परिणाम न होणारा पट्टा) शून्य ठेवावा, विंडोजचे कॅलिब्रेशन एकदाच करून त्याला पुन्हा हात लावू नये आणि खाचा फक्त फ्लायपॅडमधील (या विमानाच्या कॉकपिटमधील टॅब्लेटमधील) थ्रॉटलच्या पानावर बसवाव्यात. तेथे प्रत्येक खाचेला एक खालची आणि एक वरची मर्यादा देता येते. क्लाइंबची खाच नोंदवताना दांडा एकदा आयडलकडून वर आणून आणि एकदा टोगाकडून खाली आणून असे दोन आकडे टिपावेत. जोडपट्टीच्या सैलपणामुळे ते वेगळे येतात. त्या दोन्ही आकड्यांच्या थोडे बाहेरपर्यंत मर्यादा ठेवल्यास खाच पक्की बसते. एअरबसमध्ये ऑटोथ्रस्ट (इंजिनांची शक्ती आपोआप सांभाळणारी यंत्रणा) चालू असताना दांडा केवळ इंजिनाची कमाल मर्यादा ठरवतो आणि स्वतः हलत नाही, त्यामुळे खाचेपाशी रुंद पट्टा ठेवल्याने काहीही गमावले जात नाही.

प्रतिसाद : चौकट राजा

दुसऱ्या अडचणीचे उत्तर जाळीतच आहे. आपण डायोड (प्रवाह एकाच दिशेने जाऊ देणारे भाग) लावलेले नाहीत, असे मी धरून चालतो. जाळीत आयताच्या तीन कोपऱ्यांवरील खटके एकाच वेळी चालू असले की प्रवाह त्या तिघांतून वळसा घालून जातो आणि चौथा कोपरा दाबल्याचा भास बोर्डाला होतो. नॅव्ह, स्ट्रोब, बीकन आणि लँडिंग लाइट हे आपल्या जाळीत नेमके अशा चार कोपऱ्यांवर असणार. दाबून सोडायच्या बटणांमध्ये हा दोष सहसा दिसत नाही, कारण तीन बटणे एकदम कोणी दाबून धरत नाही. टॉगल मात्र तासन्‌तास चालू राहतात. प्रत्येक खटक्याला एक १एन४१४८ डायोड एकसर लावावा आणि सर्व डायोडांचे काळे पट्टे एकाच दिशेला ठेवावेत. ती दिशा आपल्या प्रोग्रॅममधील ओळी-स्तंभांच्या क्रमाशी जुळली नाही तर एकही खटका चालणार नाही. तसे झाल्यास डायोड उलटवत बसण्याऐवजी प्रोग्रॅममधील ओळी आणि स्तंभ यांची अदलाबदल करावी.

तिसरी अडचण आज्ञेच्या निवडीची आहे. ‘टॉगल लँडिंग लाइट्स’ ही आज्ञा दिव्याची स्थिती केवळ उलटी करते; सुरुवातच उलट झाली असेल तर ती उलटच राहते. त्याऐवजी खटका वर गेल्यावर ‘ऑन’ आणि खाली आल्यावर ‘ऑफ’ अशा दोन स्वतंत्र आज्ञा जाव्यात. मोबिफ्लाइट या मोफत प्रणालीत खटका दाबला जाणे आणि सुटणे यांना वेगवेगळ्या क्रिया जोडता येतात, प्रो मायक्रोही चालतो आणि विमान उघडल्यावर सर्व खटक्यांची सद्यस्थिती पुन्हा पाठवण्याची सोयही आहे. ती क्रिया एका बटणावर ठेवावी आणि कॉकपिटमध्ये आल्यावर प्रथम तेच दाबावे.

प्रतिसाद : पश्चिम वारा

वरील दोन्ही प्रतिसादांशी सहमत आहे, पण सोळा खटके एकसारखे असतील तर आणखी एक विचार करावा. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात बी-१७ बॉम्बफेक विमाने उतरल्यानंतर वैमानिक फ्लॅप्सऐवजी (पंखांच्या मागच्या हलत्या पट्ट्यांऐवजी) चाके आत घेत असत. अल्फोन्स चापानिस या मानसशास्त्रज्ञाने दोन्ही खटके शेजारी आणि सारखेच असल्याचे दाखवले, आणि चाकांच्या खटक्याला रबरी चाक व फ्लॅप्सच्या खटक्याला पाचर लावल्यावर हा घोटाळा थांबला. आजही प्रवासी विमानांच्या अमेरिकी नियमांत चाकांच्या दांड्याची मूठ चाकाच्या आणि फ्लॅप्सची मूठ पंखाच्या आकाराची असावी लागते. आपण निदान या दोन खटक्यांच्या टोप्या बदलाव्यात, आणि इंजिन मास्टरसाठी (इंजिन चालू-बंद करणाऱ्या खटक्यांसाठी) ओढल्याशिवाय न हलणारे टॉगल वापरावेत. ए३२० मध्येही ते आधी वर ओढावे लागतात.

पुढेमागे बोइंग ७३७ उडवण्याचा विचार असेल, तर त्यात ऑटोथ्रॉटल दांडे प्रत्यक्ष हलवतो हे लक्षात असू द्यावे. आपल्या दांड्यांना मोटर नसल्यामुळे ऑटोथ्रॉटल बंद करण्यापूर्वी दांडे पडद्यावरील दांड्यांशी जुळवून घ्यावे लागतील, अन्यथा त्या क्षणी इंजिने एकदम उसळतात किंवा बसतात.

प्रतिसाद : गंगापूररोड

सर्वांचे आभार. उजव्या पॉटवर ‘ए१०के’ आणि डाव्यावर ‘बी१०के’ असेच छापलेले निघाले, म्हणून आता दोन्ही ‘बी’ प्रकारचे बसवत आहे. लँडिंग लाइटचा खटका खरोखरच त्या आयताच्या चौथ्या कोपऱ्यावर आहे. जाता जाता एक विचारतो : सर्व उघडलेच आहे, तर रिव्हर्ससाठी (उतरल्यावर वेग कमी करणाऱ्या इंजिनांच्या उलट्या जोरासाठी) दांड्याला आयडलच्या मागे जागा ठेवावी की वेगळे बटण द्यावे?

प्रतिसाद : तांब्याची तार

वेगळा मायक्रोस्विच द्यावा. खऱ्या ए३२० मध्ये दांडा आयडलच्या पुढे ४५ अंश आणि मागे २० अंश फिरतो, तर क्लाइंब आणि फ्लेक्स यांच्यात अवघ्या १० अंशांचे अंतर असते. हे सर्व ६५ अंश ६० मिलिमीटरमध्ये कोंबल्यास त्या दोन खाचांमध्ये साधारण ९ मिलिमीटर उरतात. केवळ पुढचे ४५ अंश घेतल्यास १३ मिलिमीटर मिळतात आणि आपली मूळ तक्रार त्याच पट्ट्यातली आहे. मायक्रोस्विच दांड्याच्या पुढच्या बाजूला, बोटाने उचलायच्या छोट्या पट्टीखाली बसवावा. विमानातही रिव्हर्ससाठी तशाच पट्ट्या उचलाव्या लागतात, त्यामुळे हाताला सवय योग्य लागेल. जाळीत जागा उरलेली नसल्यास त्यासाठी बोर्डाचा स्वतंत्र पाय वापरावा. डायोडची गरज पडणार नाही.