ताकेदा घराणं पोराने बुडवलं की बापाने?

रिकामटेकडा: सध्या जपानच्या सेंगोकू काळाचं (सरदार आपसात लढत होते तो, पंधरावं-सोळावं शतक) वेड लागलंय. ताकेदा शिंगेन, काई प्रांताचा सरदार, म्हणजे 'काईचा वाघ', त्याच्याबद्दल वाचाल तितकं कमी. पण १५७३ ला तो गेला आणि १५८२ ला घराणं खलास, नऊ वर्षांत! पोरगा कात्सुयोरी, १५७५ ला नागाशिनोच्या लढाईत शत्रू ओदा नोबुनागाने लाकडी कुंपणं ठोकून मागे बंदूकवाले उभे केलेत आणि हा त्यावर माणसं घालतोय. यामागाता, बाबा (हे आडनाव बरं का), नाइतो, बापाचे मुरलेले सरदार एका दिवसात गेले. माझ्या मते पोरगा नालायक. बोला.

घाटावरची: बापाला बरं सोडलंत! १५४१ मध्ये शिंगेनने स्वतःच्या बापाला राज्याबाहेर काढलं (तो म्हातारा नोबुतोरा शिंगेनच्याही नंतर वर्षभर जगला, काय नशीब). थोरला मुलगा योशिनोबू कैदेत, १५६७ ला मेला. मग उरला कात्सुयोरी, म्हणजे चौथा, ज्याच्या आईचं सुवा घराणं शिंगेननेच धुळीला मिळवलेलं आणि ज्याला वाढवलं त्याच सुवांचा वारस म्हणून. जुने सरदार त्याला मनापासून धनी मानणार कसे? वर मरताना बाप सांगून गेला की माझी बातमी तीन वर्षं फोडू नका. असली गादी मिळून काय करायचं?

रिकामटेकडा: ताई, सहानुभूती ठीक आहे हो पण रणांगणावर ती चालत नाही.

घाटावरची: रणांगणाचंच बोलू मग. ताकातेंजिन किल्ला बापाच्या हाती कधी लागला नाही, तो याने १५७४ ला घेतला.

रिकामटेकडा: आणि तोच किल्ला नोबुनागाचा साथीदार इएयासूच्या वेढ्यात १५८१ ला पडला, तेव्हा आतल्या माणसांना मदत पाठवली नाही, मरू दिलं. त्यानंतर कोण कशाला याच्यासाठी लढेल?

चहाबाज: मधे घुसतो. दोघंही १५७८ विसरताय. शेजारच्या उएसुगी घराण्यात गादीवरून भाऊबंदकी झाली, त्यात याने शेवटी कागेकात्सुला साथ दिली आणि समोरचा कागेतोरा होता होजो या दुसऱ्या बड्या घराण्यातला, म्हणजे याच्या स्वतःच्या बायकोचा भाऊ! झालं, होजो शत्रू. एकीकडे नोबुनागा-इएयासू, दुसरीकडे होजो. खरी चूक ही, नागाशिनो नाही. नागाशिनोनंतर तर सात वर्षं टिकला की.

घाटावरची: हे मान्य. पण शेवटी फितूर कोण झाले बघा ना, किसो आणि आनायामा, दोघेही शिंगेनचे जावई. सरदार ओयामादाने तर ऐन वेळी पळायची वाटच अडवली. आणि जिच्या माहेराशी वैर घेतलं ती एकोणीस वर्षांची बायको माहेरी न जाता तेनमोकुझानला, शेवटच्या लढाईत, कात्सुयोरीसोबत मेली.

रिकामटेकडा: बरं, 'नालायक' मागे घेतो. ताकातेंजिनचं मात्र नाही.

चहाबाज: अरे पण मदत पाठवायची तर पाठीवर होजो बसलेत त्यांचं काय करायचं, तेवढं सांग.